आपलं विमान, त्यांचं विमान

शुक्रवार, २ मे

मायलिसचा फोन आला. लग्न ठरलं. चौदा जून, शनिवार, आणि तेही तिकडे अमेरिकेत, एव्हरेटला, तिच्या गॅरेटच्या आईबापांच्या घरामागच्या हिरवळीवर. तिची नोकरी तिकडे, त्याची तिकडे, मग तूलूझला येऊन लग्न कशाला करायचं, असं म्हणणं.

"पापा, अकरा तारखेपर्यंत ममाला घेऊन ये," ती म्हणाली. "तुझा हात धरूनच मी चालत जाणार. काका नको, मामा नको. तू आलास तर तू, नाहीतर मी एकटी."

"येणार म्हणजे काय! एकुलती एक पोर, न येऊन सांगतो कुणाला?"

फोन ठेवला आणि मागच्या खिडकीच्या झडपा खरवडायला घेतल्या. रंग तसा बरा होता, पण हात स्वस्थ बसेनात. माझी बायको आर्लेत दारात उभी राहून बघत होती. ती बोलत नाही तेव्हा मला जास्त धास्ती वाटते.

ही वही म्हणजे जुनी खोड आहे. कारखान्यात पाळी संपली की वहीत लिहायचं: काय झालं, काय राहिलं, पुढच्या पाळीने काय बघायचं. इथल्या एअरबसच्या कारखान्यात अडतीस वर्षं विमानाच्या धडाचे तुकडे जोडले, मधला आणि शेपटीकडचा. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी दिवस वहीत उतरल्याशिवाय संपल्यासारखा वाटत नाही.

आणि एवढ्या मोठ्या जगात पोरीला सासरा मिळाला तो कोण? बोइंगमध्ये एक्केचाळीस वर्षं काढलेला म्हातारा! मुलगा फेरीबोटींची इंजिनं दुरुस्त करतो, विमानाच्या वाटेला गेला नाही, हेच त्यातल्या त्यात समाधान.

राहिलं: दोन झडपा. तिकिटं.

सोमवार, ५ मे

चौकातल्या बारमध्ये गेलो. तिथे आम्हा निवृत्तांची पाटी आहे. एका बाजूला 'आपले', दुसऱ्या बाजूला 'त्यांचे'. कुणाला किती विमानांची मागणी आली ते खडूने लिहायचं. आता सगळेच आपले असल्यावर मजा काय येणार? म्हणून दरवर्षी चिठ्ठी टाकून एकाला अमेरिकन करतात. वर्षभर त्याने त्यांच्या बाजूने भांडायचं. यंदा चिठ्ठी रूमेगूची निघाली. हा दुसऱ्या पाळीत माझ्यानंतर यायचा, वीस वर्षं माझ्याच सांध्यावर काम केलेला माणूस. पण मेला अमेरिकन झाल्यापासून असा काही तोंड सोडतो की विचारू नका. त्यांची नवी मागणी आली की टेबल बडवतो.

लग्नाचं सांगितलं, तर बार डोक्यावर घेतला.

"व्याही बोइंगवाला! फिर्मँ, लेका, घरातच फितुरी!"

"आणि जाणार कसा?" रूमेगू ओरडला. "निवृत्तीच्या जेवणाला टेबलावर मूठ आपटून काय म्हणाला होतास? अमेरिकन विमानात मेलो तरी पाय ठेवणार नाही! आता पोहत जातोस की काय?"

शपथ घेतली होती हे खरं आहे. चाळीस माणसांच्या साक्षीने घेतली होती आणि आजही पाळतो. माणसाला काही तत्त्व असायला नको?

तेवढ्यात कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "पण तू आपल्या विमानात तरी कधी बसलास रे?"

काय हा प्रश्न! अडतीस वर्षं राबलो, वेळ कुठे होता? ऑगस्टची रजा मिळायची, तेव्हा आर्लेतला रेल्वे आवडायची. मी पास्तिसचा पेला अर्धा ठेवून घरी आलो.

गुरुवार, ८ मे

सुट्टी. आर्लेतशी वाद.

"मला रेल्वे आवडते?" ती म्हणाली. "मला? कॉर्सिकाला बोटीने नेलंस, सबंध वाट मी बादली धरून बसले होते. लग्नानंतर ब्रिटनीला अकरा तास बसलो, ते डब्यात. माझ्या बहिणीच्या पोराच्या बारशाला मार्सेयला मोटारीने गेलो. तेही मला आवडतं म्हणूनच का?"

"तू तेव्हा काही बोलली नाहीस."

"तू बोलू दिलंस का? प्रत्येक वेळी नवं काहीतरी. एकदा संप आहे, एकदा वारा आहे, एकदा पाठ धरली आहे. नाचता येईना, अंगण वाकडं!"

बायकांना तत्त्वाचं काही कळत नाही. मी तिला शांतपणे सांगितलं, की माझी हरकत एवढीच आहे: अमेरिकन विमान नको. आपलं विमान जात असेल तर उद्या निघतो. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं आणि भांडी घासायला गेली.

पुढच्या झडपाही खरवडल्या.

रविवार, ११ मे

व्याह्यांशी पडद्यावर बोलणं झालं. मायलिस मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होती, पण कारखान्यातल्या मोजमापाच्या इंग्रजीवर माझंही भागतं. व्हर्नन नाव. केवढं धूड! मान नाहीच, खांद्यावर सरळ डोकं. मागे भिंतीवर विमानांच्या तसबिरी, देवघरात देव लावावेत तशा.

"काय फिर्मँ," पहिल्याच वाक्याला तो म्हणाला, "तुमची विमानं अजून कॉम्प्युटरला विचारूनच वळतात का?"

"हो तर. आणि तुमच्या वैमानिकाला अजून जेवणाचं ताट मांडीवरच घ्यावं लागतं का? आमच्याकडे पुढ्यात दांडा नाही, टेबल आहे."

"आमचे वैमानिक विमान चालवतात. जेवायला घरी जातात."

"म्हणूनच घरी जायची घाई असते त्यांना."

तो असा हसला की पडदा हलला. माणूस वाईट नसावा, पण आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असा प्रकार. एवढी साधी गोष्ट त्याला दिसत नाही की आमचा सांधा त्यांच्या सांध्यापेक्षा सफाईदार असतो.

मायलिस म्हणाली, सप्टेंबरात सगळे तूलूझला जाऊ, तिकडच्या लोकांसाठी जेवण ठेवू. व्हर्नन ताडकन म्हणाला, "तुमच्या त्या युरोपियन डब्यात? माझं प्रेत नेलंत तरी उठून उतरेन!" त्याची बायको लोर्ना मागे उभी होती, तिने डोळे छताकडे फिरवले. आर्लेतनेही अगदी तसेच फिरवले. दोघींची अजून भेटही नाही.

शुक्रवार, १६ मे

आर्लेतने विमान शोधून काढलं. पॅरिसहून सिॲटल, मध्ये कुठे उतरायचं नाही, आणि विमान आपलं, एअरबस तीनशे तीस. जाताना आपलं, परत येतानाही आपलं. तिने छापील कागद माझ्या कॉफीच्या कपाशेजारी ठेवला. पॅरिसपर्यंत रेल्वे, तेवढी सवलत मला दिली.

"आता बोल," ती म्हणाली.

आनंद झाला. प्रश्नच मिटला. दुपारी कॉफी दळायचं यंत्र उगाच खडखडतंय असं वाटलं म्हणून सगळं उघडलं. आता एक स्प्रिंग उरलीय, ती कुठली ते कळत नाही.

मंगळवार, २० मे

डॉक्टरकडे गेलो होतो. आपणहून गेलो. या वयात अकरा तासांचा प्रवास, तब्येत तपासलेली बरी. छाती, रक्तदाब, साखर, सगळं बघितलं त्याने.

"घोड्यासारखा आहेस, फिर्मँ. खुशाल जा."

"गुडघा?"

"गुडघ्याने विमान चालवायचंय का तुला?"

मोठा विनोदी आहे. येताना पावलं जड झाली होती. चांगली बातमी ऐकून असं का व्हावं, कळेना. गुडघाच असणार.

रविवार, १ जून

धावपट्टीच्या कुंपणापाशी तीन तास बसलो. रूमेगूही होता. त्याच्या फोनमध्ये असं काही आहे की उडणाऱ्या प्रत्येक विमानाचा शेपटीवरचा नंबर सांगतं. कुठे बांधलं, कधी बांधलं, आज कुठून आलं, कुठे जाणार.

"तुझं विमान कुठलं ते दोन दिवस आधी कळेल," तो म्हणाला. "बघू या की, आपल्याच हातचं निघतं का!"

मला काही बघायची हौस नाही, असं मी म्हणालो. तो म्हणाला तो बघणारच.

एक विमान उतरलं, एक गेलं. जाणारं जमीन सोडतं तेव्हा मी चपलेतली बोटं आवळतो, हे आज लक्षात आलं. वजन उचललं जावं म्हणून माणूस मनातून जोर लावतो, तसं असेल.

रविवार, ८ जून

रूमेगू सकाळी धापा टाकत घरी आला. टोपीसुद्धा उलटी.

"फिर्मँ! आपलंच आहे! अठरा वर्षांपूर्वीचं, तुझ्या सांध्याचं! अरे, तू स्वतः जोडलेल्या विमानातून पोरीच्या लग्नाला जातोयस. असं भाग्य कुणाचं असतं?"

आर्लेतला भरून आलं. तिने त्याला कॉफी दिली. ते दोघं बोलत होते आणि मी माळ्यावर गेलो. जुन्या वह्या तिथे एका खोक्यात आहेत. तो महिना सापडला, त्या नंबरच्या विमानाचा दिवसही सापडला. माझंच अक्षर, पण वेडंवाकडं:

"गुरुवार. दाढ ठणकतेय, डोळ्यांपुढे काजवे. उजवी ओळ पूर्ण. डावीकडे वरच्या बाजूचे चौदा रिव्हेट राहिले. दुसऱ्या पाळीने बघावं. लवकर निघतो."

माळ्यावर तसाच बसून राहिलो. खाली आलो तेव्हा रूमेगू उठायच्या बेतात होता.

"ते चौदा रिव्हेट तू मारलेस ना?" मी विचारलं.

"कुठले चौदा?"

मी वही दाखवली. त्याने चष्मा वर केला, खाली केला. "अरे माणसा, अठरा वर्षं झाली! मला काल काय जेवलो ते आठवत नाही. मारले असतील की. न मारून जातो कुठे?"

"असतील म्हणजे?"

"फिर्मँ, तपासनीस तीनदा बघतात. सही होते. मग विमान उडतं. अठरा वर्षं उडतंय ते! तेरा रिव्हेट असते तरी..."

"तेरा?"

"उदाहरण दिलं रे!"

उदाहरण देतो! मला सगळं माहीत आहे. तीनदा तपासतात, क्ष-किरण लावून बघतात, चार-सहा वर्षांनी पार उघडून बघतात. मी स्वतः शंभर वेळा पाहिलंय. पण त्या दिवशी माझी दाढ ठणकत होती. मी माझ्या हातांना ओळखतो. उजवी ओळ पूर्ण म्हणून लिहिलंय, पण पूर्ण म्हणजे कशी? त्या दिवशी माझं लक्ष कुठे होतं?

जेवण गेलं नाही. आर्लेतने बॅग भरली. मी माझ्या बॅगेतलं काढून पुन्हा भरलं, मग पुन्हा काढलं. निळा सूट, तिने मायलिसला द्यायला घेतलेली आईची नाजूक साखळी, दोन डबे बदकाच्या मांसाचे. सारखा तेच तेच मोजतोय.

सोमवार, ९ जून. पॅरिसच्या गाडीत

अक्षर वेडंवाकडं येतंय ते गाडीमुळे.

काल विचार आला, पाय मुरगळला असं सांगावं. जिन्यावर दोनदा उभाही राहिलो. मग मायलिसचा चेहरा डोळ्यांपुढे आला, हिरवळीवर एकटी चालत जाणारी, आणि दोन्ही बाजूंना ती धिप्पाड अमेरिकन माणसं. उतरलो नीट, पाय जपून.

मी कसला माणूस आहे? अडतीस वर्षं लोकांना आत बसवण्यासाठी विमानं जोडली. त्या लोकांची कधी काळजी केली नाही. आता स्वतः बसायची वेळ आली, तर पाय मुरगळायला जिना शोधतोय.

हे आर्लेतला वाचायला मिळता कामा नये.

मंगळवार, १० जून. पॅरिस, विमानतळ

बारा वाजता सुटायचं होतं. अकराला बाईने घोषणा केली: काही कारणाने विमान बदललं आहे, तासाभराने निघू. काचेतून बघितलं तर आपलं तीनशे तीस निघून चाललं होतं, आणि त्याच्या जागी हळूहळू येऊन उभं राहिलं ते बोइंग! ट्रिपल सेव्हन. व्हर्ननच्या गावचं. इंजिनाच्या तोंडात आमची न्हाणी मावेल.

आर्लेतने पर्स मांडीवर घेतली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझी शपथ आहे, मला माहीत आहे. चाळीस माणसांसमोर घेतलेली. तू परत जा, फिर्मँ. मी मायलिसला सांगेन, पापा तत्त्वाचा माणूस आहे. कुणी काही बोलणार नाही."

ही बाई! पस्तीस वर्षं संसार केला तिच्याशी. ती मला दार उघडून देत होती, आणि दार उघडतेय असं दाखवतही नव्हती. माझा मान राहावा म्हणून. सगळं तिला केव्हापासून ठाऊक आहे कुणास ठाऊक. मला असं गहिवरून आलं की पाणी आणायला जातो म्हणून उठलो.

नळापाशी उभा राहून खरं काय ते स्वतःशी बोललो. मला विमानाची भीती वाटते. कायमच वाटत आलीय. पहिल्या दिवशी, अठराव्या वर्षी, धडाच्या आत शिरलो आणि बघितलं की आतून हे नुसतं पत्र्याला पत्रा लावलेलं आहे, आणि लावणारी माणसं माझ्यासारखी, कुणाचं भांडण झालेलं, कुणाची दाढ दुखणारी. त्या दिवसापासून वाटते. शपथबिपथ सगळं नंतरचं.

इथपर्यंत ठीक. पण मग काय झालं ते लिहितो, आणि ते मलाही नीट कळलेलं नाही. काचेतून ते बोइंग बघत होतो आणि छातीवरचा दगड उतरत होता. सकाळपासून पहिल्यांदा श्वास खाली पोटापर्यंत गेला. कारण त्या विमानात माझा एकही रिव्हेट नव्हता! तो सांधा कुणी जोडला, त्या दिवशी त्याचं काय दुखत होतं, मला काही माहीत नाही. आणि जे माहीत नाही त्यावर विश्वास ठेवायला किती सोपं जातं!

परत येऊन आर्लेतला म्हणालो, "चल. रांगेत पुढे उभं राहू."

"यात?"

"यातच."

तिने पर्स खांद्याला लावली आणि निघाली.

त्याच दिवशी. वर

चढलो. दारातून आत पाय टाकताना डोळे मिटले होते, एका बाईच्या टाचेवर पाय पडला. जमीन सुटली तेव्हा आर्लेतचा हात इतका आवळला की तिची अंगठी रुतली, तिला. नंतर बराच वेळ कान फक्त सांध्याकडे. आवाज येतो. डाव्या पंखाच्या थोडं मागे, टक, टक, थांबतो, पुन्हा टक. आपल्या विमानात आला असता तर मी ओरडत उठलो असतो. इथे म्हटलं, त्यांच्याकडे असाच येत असेल.

खाली नुसता बर्फ दिसतोय. आर्लेत खिडकीला नाक लावून बसलीय, आणि मधूनच डोळे पुसतेय.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. किती सुंदर आहे. पस्तीस वर्षं, फिर्मँ!"

मला तोंड वर करून बघवलं नाही तिच्याकडे. माफ कर म्हणालो. तिने ऐकलं की नाही कोण जाणे, इंजिनांचा आवाज फार आहे. आमची शांत असतात.

गुरुवार, १२ जून. एव्हरेट

परवा व्हर्ननने विमानतळावरच मला उचललं. अक्षरशः उचललं. "आमच्या विमानातून आला! फ्रेंच माणूस आमच्या विमानातून आला!" असं अख्ख्या विमानतळाला सांगत होता. आज शेजारीपाजारी, मेव्हणे, जुने सोबती जमवले, सालमन मासा भाजला आणि मला मध्ये उभं करून बोइंगची टोपी घातली. मायलिस पोट धरून हसत होती. टोपी मी काढली नाही. रूमेगूला फोटो जाणार, तर जाऊ दे.

"आता सप्टेंबरात तुम्ही या," मी म्हणालो.

"तुमच्या डब्यातून?" व्हर्ननने छाती पुढे काढली. "कधीच नाही! तत्त्व म्हणजे तत्त्व!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. पण माझी नजर लोर्नावर गेली. ती बटाट्याच्या कोशिंबिरीत चमचा फिरवत होती, फिरवतच होती. मग आर्लेतच्या कानात काहीतरी बोलली. आर्लेतने आधी "नाही!" म्हटलं, मग मोडक्या इंग्रजीत काही विचारलं, आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून इतक्या हसल्या की सुरी खाली पडली.

झोपताना आर्लेतने सांगितलं. व्हर्ननची बहीण मिनेसोटात असते. एक्केचाळीस वर्षं तो तिच्याकडे रेल्वेने जातो. दोन दिवस लागतात. लोर्नाला रेल्वे आवडते म्हणून.

शनिवार, १४ जून

झालं. पोरीचं लग्न झालं.

घरातून हिरवळीपर्यंत सत्तर पावलं होती. दाराआड आम्ही दोघंच उभे होतो, वाजवणारे अजून सुरात येत नव्हते. तिने माझा टाय सरळ केला आणि एकदम म्हणाली, "पापा, खूप भीती वाटली का?"

"कशाची? व्याह्याची?"

"विमानाची."

मी टायची गाठ चाचपली.

"मी सहा वर्षांची होते, तेव्हा कारखान्याच्या उत्सवात तू मला आत बसवायला नेलंस. नुसतं उभं होतं ते विमान. तुझा हात घामाने ओला झाला होता. तेव्हापासून मला माहीत आहे." तिने माझा हात बाजूला करून गाठ पुन्हा सरळ केली. "खरं सांगू, मला वाटलं नव्हतं तू येशील. मी एकटीने चालायची तयारी केली होती. तुझा राग येणार नव्हता मला."

मी म्हणालो, "विमानाहून मला जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. तू अशी लांब राहणार, मी नुसता कुंपणाशी बसून राहणार, याची." एवढं बोललो आणि दोघंही रडलो, आणि नेमकं तेव्हाच वाजायला लागलं. तसेच निघालो, लाल डोळ्यांनी.

सत्तर पावलं मी सरळ चाललो. गुडघ्याने काही त्रास दिला नाही.

सोमवार, १६ जून

सकाळी व्हर्ननने मला गॅरेजमध्ये नेलं. दार आतून लावलं. आधी हत्यारं दाखवली, मग एक करवत, मग पुन्हा तीच करवत. माणूस सारखा या पायावरून त्या पायावर. मला तो अस्वस्थपणा ओळखीचा वाटला.

शेवटी विचारलं, "तुमच्या विमानाचा नंबर काय होता?"

तिकिटावर मी लिहून ठेवला होता. सवय! त्याने कागद हातात घेतला, फळीवरून एक मळकी वही काढली, पानं उलटली आणि बोट एका ओळीवर ठेवून थांबला. घरोघरी मातीच्या चुली.

"तुझा सांधा?" मी विचारलं.

"डावा पंख." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. एवढ्या देहातून एवढा बारीक आवाज! "फिर्मँ, खरं सांग. आवाज येत होता का? डावीकडे, मागच्या बाजूला?"

खोटं बोलता आलं असतं. पण मी त्याच्या जागी असतो तर मला खरं तेच हवं असतं.

"येत होता. टक, टक. मध्ये थांबायचा. सगळ्या सांध्यांना येतो, व्हर्नन. मी दहा तास ऐकला, मग झोपलो. विमान उतरलं, पोरीचं लग्न झालं."

तो स्टुलावर बसला. दोन्ही हात उलटसुलट करून बघत होता.

"मी कधीच बसलो नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही. त्या आठवड्यात माझे वडील गेले होते. मी कामावर आलो होतो. काय जोडलं, कसं जोडलं, मला आठवतच नाही. आधीही धीर होत नव्हता, त्यानंतर तर कुठल्याही बोइंगमध्ये पाय ठेवायचा म्हटलं, की वाटतं, हेच ते."

मी त्याला दाढीचं सांगितलं, म्हणजे दाढेचं, त्या ठणकणाऱ्या दाढेचं. चौदा रिव्हेटांचं सांगितलं. नळापाशी काय झालं तेही सांगितलं. तो ऐकत होता आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत होता.

"म्हणजे तुझ्या कारखान्याच्या विमानात..." तो म्हणाला, "मी त्यात काहीच केलेलं नाही."

"एकही बोल्ट नाही."

"कोण जोडतं, त्यांचं काय दुखतं..."

"तुला कुणी ओळखीचं नाही."

तो उठला. दोन फेऱ्या मारल्या. मग माझ्यापुढे उभा राहून म्हणाला, "मला तू ओळखीचा झालास की आता. तू जोडलेलं असलं तर मी बसेन. दाढ दुखत असतानाचं असलं तरी."

अडतीस वर्षांत साहेबांनी सह्या केल्या, शिक्के मारले, निवृत्तीला घड्याळ दिलं. असं कुणी म्हणालं नव्हतं. करवत उचलली आणि तिचे दात बघत बसलो.

"सप्टेंबर," व्हर्नन म्हणाला. "लोकांना काय सांगायचं?"

"शत्रूची पाहणी करायला चाललोय म्हण."

आत जाऊन त्याने लोर्नाला सांगितलं. तिने आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघितला, मग तिथेच खुर्चीत बसून रडायला लागली.

मी आर्लेतला बाजूला घेतलं. म्हणालो, परतीचं तिकीट बदलून घे, जाताना बोइंग जात असेल तर त्यात.

"पण येताना चुकून बसावं लागलं," ती म्हणाली. "परतीचं आपलंच आहे ना? तूलूझचं?"

"म्हणूनच," मी म्हणालो.